कठड्यावरचा मफलर

व्हिएन्ना, ४ एप्रिल

वेरेना,

तुझा जर्मन पोचला. पाच वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, आणि आता लिहिलीस ती त्या माणसाच्या खिशात घालून पाठवलीस. "आई, हा हाउके. आम्ही जूनमध्ये लग्न करतोय. त्याला व्हिएन्ना दाखव, पण पैसे बेताचे आहेत त्याच्याकडे. लग्नाला येशील की नाही ते त्यालाच सांग." संपलं. विजेच्या बिलाबरोबर येते ती चिठ्ठीसुद्धा याहून गोड असते. फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहितेय.

दार उघडलं तर मला आधी त्याची छातीच दिसली, तोंड बघायला मान वर करावी लागली. एवढा उंच माणूस लागतो कशाला गं? पाठीवर ही भलीमोठी पिशवी आणि पायात डोंगर चढायचे बूट. आमच्या ओटाक्रिंगमध्ये कुठला आलाय डोंगर, दोन मजले चढून यायचं असतं फक्त. म्हटलं, "सोफ्यावर अंथरूण घालून ठेवलंय." तर म्हणतो कसा, "नको, फ्राउ ब्लाशेक, तुम्हाला त्रास नको. स्टेशनच्या मागे एका वसतिगृहात खाट घेतली आहे मी. आठ जणांची खोली आहे, त्यामुळे स्वस्त पडते." माझा सोफा फुकट होता. फुकटापेक्षा स्वस्त काय असतं ते तुमच्या ब्रेमेनमध्येच शिकवत असतील. नवी चादर आणली होती, ती घडी करून ठेवून दिली.

आणि बोलणं तर काय! प्रत्येक वाक्याला इस्त्री. दारातच उभा राहून, बूटसुद्धा न काढता विचारतो, "मग लग्नाला येणार ना तुम्ही?" जणू मी ट्रामचा कंडक्टर आहे आणि ही गाडी पुढे जाते का, एवढंच विचारायचंय. म्हटलं, "आधी सूप घे." घेतलं. तीनदा घेतलं. का नाही घेणार?

आता माझं उत्तर नीट ऐक. जिला लग्नात आई हवी असते ती मुलगी स्वतः येते, समोर उभी राहते आणि विचारते. माणूस धाडत नाही. तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. बाबांना माती दिली त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं होतं, "मातीला उशीर झाला, पण जेवायला बरोबर वेळेवर आलीस." म्हटलं खरं. पेटी खाली गेली तेव्हा तू नव्हतीस, सूप आलं तेव्हा होतीस. यात खोटं काय आहे? तू उठून गेलीस ती गेलीसच.

येऊन विचार. मग बघू. तोवर तुझ्या या खांबाला गावभर फिरवते.

— आई


व्हिएन्ना, ८ एप्रिल

वेरेना,

चार दिवस झाले. माझे पाय सुजलेत आणि त्याचा उत्साह काही संपत नाही. त्याच्या फोनमध्ये म्हणे व्हिएन्नातली सगळी फुकटची ठिकाणं आहेत. सकाळी येतो, बाटलीत माझ्या नळाचं पाणी भरून घेतो आणि विचारतो, "आज काय बघायचं?" मला जन्मल्यापासून हे गाव माहीत आहे, आणि हा मला फोन दाखवून सांगतो की डावीकडे वळायचं.

पहिल्या दिवशी मी त्याला आपल्या कॉफीहाऊसमध्ये नेलं. तेच ते, तुझ्या बाबांचं, आतल्या खोलीतलं टेबल. त्याने एक कॉफी मागवली. कॉफीबरोबर पाण्याचा पेला आला. तो पेला संपला की वेटर न सांगता दुसरा आणून ठेवतो हे त्याने पाहिलं, आणि आजूबाजूला बघून त्याला कळलं की इथे कुणी कुणाला उठवत नाही. मग साहेबांचा चेहरा असा उजळला! अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हणजे एका कॉफीत दिवसभराचं भाडं निघालं? केवढं स्वस्त!"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आम्ही सगळे तेच करतो. माझ्या आजीपासून करतोय. पण कुणी बोलून दाखवलं का कधी? वर केकचा एक तुकडा मागवला आणि काटे दोन. ओटो वेटर अजून तिथेच आहे, म्हातारा झालाय पण जीभ म्हातारी झालेली नाही. दुपार कलली तेव्हा तो वाकून विचारतो, "साहेबांना आणखी काही आणू? उशी? पांघरूण?" आणि हा गाढव मनापासून म्हणतो, "नको, धन्यवाद, थंडी नाहीये."

काल विचारत होता, फुकटात आणखी काय आहे. म्हटलं, "मेलेली माणसं." ट्राममध्ये बसवलं आणि मोठ्या दफनभूमीत नेलं. त्याला नामवंतांची थडगी बघायची होती, फोनवर खुणा करून ठेवल्या होत्या. मी त्याला सरळ तुझ्या बाबांकडे नेलं. म्हटलं, हे बघ, हे माझे नामवंत. त्याने टोपी काढली. मग पिशवीतून बाटली काढली आणि मी लावलेल्या फुलांना सगळं पाणी घातलं. पुन्हा मलाच सांगतो, "नळाचंच आहे." मला काय वाटलं, शॅम्पेन आहे?

मग जरा वेळाने म्हणाला, "त्या दिवशी तिची गाडी रस्त्यात बंद पडली होती. ती शेवटचं अंतर पळत आली, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मी म्हटलं, "थडग्यापाशी बायकोची वकिली करू नये. अजून बायको झालेलीसुद्धा नाही ती तुझी." उलट उत्तर देत नाही, तेवढा एक गुण आहे.

परत येताना झ्वेट्लरबाईंच्या वाइनच्या बागेत बसलो. तिथे वाइन त्यांची घ्यायची आणि खाणं घरून नेलं तरी चालतं, हेसुद्धा त्याच्या फोनने त्याला सांगितलं होतं. मी दोघांपुरतं भाजलेलं मांस आणि मुळे घेतले होते. त्याने काय काढावं? काचेची बरणी. आत व्हिनेगरमध्ये मुरलेली हेरिंग मासळी! ब्रेमेनहून पाठीवर वाहून आणलेली! झाकण उघडलं तसे शेजारच्या टेबलावरचे लोक उठून लांब जाऊन बसले. झ्वेट्लरबाई ॲप्रनला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "हेर्मिने, हा कुठून उचलून आणलास? जिवंत आहे ना? मला वाटलं, त्याचाच वास येतोय."

तर याने उभं राहून, अदबीने त्यांनाच एक मासा पुढे केला. त्यांनी खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग ब्रेड मागवला. त्या बाईची चव पहिल्यापासूनच बिघडलेली आहे.

वाइन पोटात गेल्यावर त्याने मला विचारलं, "ट्राम ड्रायव्हरच्या पगारात तुम्ही दोघं कसं निभावत होता?" मी म्हटलं, "निभावत नव्हतो. आठवड्यातून चार वेळा ऑपेरा ऐकत होतो." त्याचा विश्वास बसेना. म्हटलं, गॅलरीत, उभ्याने. उभ्या जागेचं तिकीट किती स्वस्त असतं ते सांगितलं तेव्हा तो टाळी वाजवायचाच बाकी होता. शनिवारी त्याला गॅलरीत उभा करणार आहे. चार तासांचा खेळ आहे. बघू किती टिकतो.

तूही टिकायचीस. सात वर्षांची असताना तू बाबांच्या बुटांवर पाय ठेवून उभी राहायचीस, म्हणजे कठड्यावरून दिसावं. हल्ली बाजूची जागा कुणीतरी परका घेतो.

लग्नाचं मी त्याला काही सांगितलेलं नाही. रोज विचारतो. रोज सांगते, "जिला हवं तिने येऊन विचारावं." ते तो तुला फोनवर कळवत असेलच.

— आई


व्हिएन्ना, १३ एप्रिल

वेरेना,

बस खाली आणि हे पत्र वाच. तुझं लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे नाही, त्याच्या गुणांमुळे मोडेल. पण आई म्हणून तुला सांगणं माझं काम आहे.

काल ऑपेरात नेलं त्याला. तुला सगळं पाठ आहे, पण त्याला मी अगदी पहिल्यापासून शिकवलं. दार उघडलं की जिना धावत चढायचा. कठड्यापाशी जागा धरायची. आपला मफलर कठड्याला बांधायचा, आणि मग खुशाल खाली जाऊन सॉसेज खाऊन यायचं. बांधलेल्या मफलरला कुणी हात लावत नाही. व्हिएन्नात लोक एकमेकांच्या बायका पळवतील, पण मफलर सोडणार नाहीत. आणि दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या. माणशी एकच मफलर, आणि दिवे गेले की जो उभा नाही त्याची जागा गेली. हे दोन्ही नियम तुझ्या बाबांच्याही आधीपासूनचे आहेत.

माझे गुडघे चढत नाहीत म्हणून त्याला पुढे पाठवलं. त्याच्या टांगा एकदाच्या कामाला आल्या. मी वर पोचले तर त्याने पहिल्या रांगेत माझी जागा धरलेली, त्याची स्वतःची धरलेली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये तिसरा मफलर! मोहरीच्या रंगाचा, बारीक विणीचा. बायकी.

मी विचारलं, "हा कुणाचा?"

तर हा कानापर्यंत लाल. "एका ओळखीच्या व्यक्तीचा आहे. गाडी उशिरा आहे. तिकीट काढलंय मी."

"कोण व्यक्ती?"

"ते गुपित आहे, फ्राउ ब्लाशेक." आणि हसतोय वर.

जो माणूस केकच्या एका तुकड्याला दोन काटे मागतो, तो दुसऱ्या कुणाचं तिकीट काढतो? तू सांग. मी तो मफलर नाकाजवळ नेला. अत्तराचा वास. आठ जणांच्या खोलीत राहायचं होतं ते का, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. कुठलीतरी पाठपिशवीवाली भेटली असणार. आणि ती कुठे उभी राहणार, तर माझ्या शेजारी! तुझ्या जागेवर! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू.

घंटा झाली तेव्हा हा फोन कानाला लावून खाली पळाला. दिवे गेले. हा नाही आणि ती सटवीही नाही. त्याचा स्वतःचा राखाडी मफलर मी राहू दिला, कारण तो निदान येऊन उभा राहून गेला होता. पण मोहरीचा मी सोडला. घट्ट बांधला होता मेल्याने, नख तुटलं माझं. मागे तुझे नावरातिलकाका खांबाआडून डोकावत होते, हल्ली त्यांना एका पायावर भार देता येत नाही. त्यांना म्हटलं, "या, पुढे या." बिचारे इतके खूश झाले की पहिला अंक संपेपर्यंत खोकलेसुद्धा नाहीत.

मध्यंतर झालं. आपण बसायचो तसे सगळे जमिनीवर टेकलो. दगड गार लागतो, म्हणून मी तो मफलर अंथरला आणि त्यावर बसले. डबा काढला. नावरातिलकाका मऊ माणूस, त्यांना उगाच खंत. म्हणाले, "हेर्मिने, ज्या बाईची जागा आहे ती आता आली तर?"

मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, सगळ्या गॅलरीला कळावं म्हणून. "जिला वेळेवर येता येत नाही तिला जागा कशाला हवी? येऊ तर दे, तोंडावर सांगते तिला, आलीस तशी चालती हो, इथे तुझं कुणी नाही!"

काय हसले सगळे. मागच्या रांगेतला तो चष्मेवाला तर टाळ्या वाजवायला लागला.

तुझा हाउके परत आलाच नाही. मध्यंतरानंतर नाही, शेवटी नाही. त्याचा राखाडी मफलर शेवटपर्यंत कठड्यावर लोंबत होता. निरोप नाही, काही नाही. मला एकटीला ट्रामने घरी यावं लागलं. खेळ चांगला झाला, शेवटी सगळे मेले. दोन्ही मफलर घेऊन आले आहे, येईल तेव्हा त्याच्या तोंडावर फेकेन.

वेरेना, मी तुला वाटेल ते बोलत असेन, पण माझ्या मुलीला कुणी फसवलेलं मला चालत नाही. हाकलून दे त्याला. हे आत्ताच खाली जाऊन टाकते.

— आई


व्हिएन्ना, १६ एप्रिल

वेरेना,

काल हाउके आला होता. दारातच उभा राहिला. इस्त्रीची वाक्यं नव्हती. एवढंच म्हणाला, "मफलर न्यायला आलोय."

मी तयारच होते. "तुझा की तिचा? कोण होती ती बाई?"

"तुमची मुलगी," म्हणाला.



मग त्याने सांगितलं. तू शुक्रवारी संध्याकाळची स्वस्त बस धरलीस, कारण मी म्हणत होते, येऊन विचार. बस रस्त्यात कितीतरी वेळ अडकली. तू तशीच स्टेशनवरून धावत सुटलीस. पोचलीस तेव्हा पहिला अंक चालू होता, आत सोडत नाहीत, म्हणून तुम्ही दोघं खाली दालनातल्या टीव्हीच्या पडद्यावर खेळ बघत उभे राहिलात. तुझा मफलर ब्रेमेनहूनच त्याच्या पिशवीत आला होता, आणि उशीर झालाच तर त्याने तुझी जागा धरून ठेवावी, असं तू फोनवर सांगितलं होतंस. मध्यंतर झाल्यावर तू केस नीट केलेस आणि त्याला म्हणालीस, "तू थांब, मी एकटी जाते."

मी विचारलं, "मग वर का आली नाही?"

"आली होती, फ्राउ ब्लाशेक. गॅलरीच्या दारापर्यंत आली होती. तुम्ही तिच्या मफलरवर बसला होतात. तुम्ही जे बोललात ते तिने ऐकलं. सगळे हसले तेही ऐकलं."

त्याच रात्रीच्या बसने परत गेलीस म्हणे. मी त्याला म्हटलं, "आत ये. कॉफी करते." "नको," म्हणाला. वेरेना, तो माणूस फुकटच्या कॉफीला नको म्हणाला. मी राखाडी मफलर दिला. पिवळा दिला नाही. म्हटलं, तो मी स्वतः देईन. तो जिना उतरून गेला.

माझं रविवारचं पत्र आज-उद्या तुझ्या हातात पडेल. फाडणार असशील तर फाडू नकोस. वाच. मी कुणाला शिव्या दिल्यात ते बघ. तुझ्या जागेवरून मी दुसऱ्या बाईला हाकलत होते. तुझी जागा राखत होते मी, अडाणी बाई, आणि तुलाच उठवलं तिच्यावरून.

त्या मफलरचा मी वास घेतला होता. आत्ताही घेतला. अत्तर बदललंस तू. पाच वर्षांत कधी बदललंस कोण जाणे. माझ्या नाकाखाली माझी मुलगी होती आणि मला ओळखू आली नाही. काल संध्याकाळपासून मला एवढंच सुचतंय.

पण तुझंही चुकलं. हो, चुकलंच. सगळा जिना चढून आलीस आणि एक वाक्य ऐकून उतरलीस? अशी कशी गं तू? पुढे यायचं. तो मफलर माझ्याखालून ओढायचा, मला सगळ्यांसमोर आपटायचं. गॅलरीने तुला डोक्यावर घेतलं असतं. नावरातिलकाकांनी तर तुला कडेवरच घेतलं असतं, पाय असा नसता तर. त्यांना मी सांगितलं. काल रात्रीच्या खेळाला ते खांबाआडच उभे राहिले, पुढे आलेच नाहीत, कितीही म्हटलं तरी.

आणि बाबांच्या त्या दिवसाचं. पेटी खाली सोडत होते तेव्हा मला कुणाचातरी हात धरायचा होता. मी बाजूला हात केला तर तिथे झ्वेट्लरबाई होत्या. एवढंच होतं ते. तू पळत आली होतीस हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, तुझे मोजे चिखलाने भरले होते. दिसलं तरी बोलले.

आता कामाचं. मी म्हटलं होतं, येऊन विचार. तू आलीस. विचारायचं तेवढं राहिलं, ते मी ऐकलं असं धरते. उत्तर हो आहे.

हाउकेशी लग्न कर. उंची काही कमी करता येत नाही, बाकीचं मी बघून घेईन. मी तुमचीच ती भिकारडी बस धरून येणार आहे, खायचं बरोबर घेऊन. लग्नात मला पुढे खुर्ची ठेव. आणि तुझा राग गेला नसला, ती खुर्ची तू दुसऱ्या कुणाला देऊन टाकली असलीस, तरी मी तुझ्यासारखी जिना उतरून जाणार नाही. मागे उभी राहीन.

— आई